नवीन कण "सापडला" म्हंजे नक्की काय? इतके दिवस तो कुठं होता?

बीएस्सीला असताना मला पण हेच वाटायचं बघा, की कण कुठंतरी लपून बसलेला असतोय आणि मशीन लावून त्याला धरतात. तसं नाही वो. तो तिथंच तयार होतोय आणि तिथंच फुटतोय.

2017 चा घ्या. जिनिव्हाजवळ 27 किलोमीटरच्या रिंगमधे प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात, तिथल्या एलएचसीबी प्रयोगात झाय-सीसी प्लस प्लस नावाचा कण मिळाला, आत दोन चार्म क्वार्क आणि एक अप क्वार्क (क्वार्क म्हंजे प्रोटॉनसारख्या कणांच्या आतले बारके कण). अप हलका, चार्म म्हंजे जड क्वार्क, म्हणून हा प्रोटॉनच्या जवळजवळ चौपट जड. आणि आयुष्य किती, तर सेकंदाचे लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचा पाव हिस्सा. फोटो कोण काढणार?

मी बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग फुटलं तर तुकडे गोळा करून काट्यावर टाकले की मूळ माल किती किलोचा ते कळतंय. इथं पण तुकडेच मोजतात, पण वजन जुळत नाही! हा कण फुटून एक लॅम्ब्डा-सी, एक केऑन आणि दोन पायॉन असे चार कण झाले (लॅम्ब्डा-सी पण लगेच फुटतोय, ते वेगळंच), त्यांची बेरीज 3060 एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक, कणांचं वजन पण ह्यातच मोजतात) आसपास आणि मूळ कण 3621 चा. मधले 560 तुकडे उडाले त्या वेगात गेले, त्यामुळं प्रत्येक तुकड्याची ऊर्जा आणि संवेग धरून उलटा हिशोब लावावा लागतोय.

खरी डोकेदुखी पुढं आहे. शॉपमधे शंभर कास्टिंगचे तुकडे एकत्र पडलेत समजा, कुठलेही चार उचलून जोडले तरी काहीतरी आकडा येणारच की. असे चुकीचे आकडे सगळीकडं पसरतात, खऱ्या कणाचे मात्र एकाच जागी साठतात. तसा 3621 ला ग्राफवर उंचवटा आला, तीनशेच्या आसपास कणांचा. सापडला म्हंजे तो उंचवटा सापडला, बस.

आता उंचवटा फसवतोय पण. 2002 मधे अमेरिकेत फर्मिलॅबच्या सेलेक्स प्रयोगवाल्यांनी ह्याच्याच भावाचा, म्हंजे अपच्या जागी डाऊन हा तसाच हलका क्वार्क असलेल्याचा, दावा केला होता, 3519 ला. दुसऱ्यांनी तिथं शोधलं तर काही मिळालं नाही. आणि मला विचाराल तर 2017 नंतर तो आकडा पटणं अजून अवघड झालं, कारण नुसत्या अप-डाऊनच्या फरकानं दोघा भावांत 100 एमईव्हीची तफावत कशी पडेल, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनमधे पण फरक अप-डाऊनचाच, तिथं ती जेमतेम सव्वा-दीड एमईव्ही आहे.