दहा मिनिटांच्या ग्लायडिंगसाठी अख्खा दिवस काढावा का?

तुम्हाला वाढदिवसाला इंग्लंडमधल्या क्लबचं ग्लायडिंगचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून उडण्याचं, व्हाउचर मिळालंय. हवेत जेमतेम दहा मिनिटं असणार, तर त्यासाठी पूर्ण दिवस घालवावा का आणि विंचने (दूरवर केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर खेचतात त्याची भीती वाटते का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दिवस नक्की काढा. मी हडपसरची. तिथे ग्लायडिंग सेंटर आहे, त्यामुळे लहानपणी गच्चीवरून ग्लायडर बघत वाढले. पण बसायला मिळालं ते ल्युटनला राहायला आल्यावर, शेजारच्या डन्स्टेबलच्या लंडन ग्लायडिंग क्लबमध्ये. हा क्लब 1930 पासून आहे, खडूच्या टेकडीच्या अगदी पायथ्याशी. पहिल्या खेपेला मीही तासाभरात घरी परतायच्या बेताने गेले होते. थांबले, ते संध्याकाळपर्यंत.

सकाळी हँगर, म्हणजे ग्लायडर ठेवायची शेड, उघडतं. आत ग्लायडर एकमेकांच्या पंखांखाली पंख घालून ठेवलेली असतात, त्यामुळे एक बाहेर काढायचं तर आधी तीन हलवावी लागतात. मग प्रत्येकाची तपासणी, पॅराशूट, बॅटरी, हवामानाची माहिती. मैदानावर गेल्यावर कळतं की एक ग्लायडर वर पाठवायला खाली चार-पाच जण लागतात: कुणी पंखाचं टोक धरतं, कुणी केबल अडकवतं, कुणी खुणा करतं, कुणी वेळा लिहितं आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंचवर एक जण. ही सगळी सभासद मंडळीच, आपापली पाळी येईपर्यंत दुसऱ्याला उडवणारी. शाळकरी मुलं असतात (इथे चौदाव्या वर्षी एकट्याने उडवता येतं) आणि सत्तरीचे आजोबाही. मला पंखाचं टोक धरायला दिलं तेव्हा हातात कळलं की सतरा मीटर पंखांचं ते धूड वाऱ्यात किती हलकं होतं.

आता विंच. केबल हळूहळू ताणली जाते, ग्लायडर सरकतं आणि तीन-चार सेकंदांत चाक जमिनीवरून सुटतं. नाक वर होतं, समोर नुसतं आकाश, पाठ सीटला घट्ट चिकटलेली. मिनिटभराच्या आत साधारण हजार फूट. मग टक्‌ असा आवाज, केबल सुटली, नाक खाली आलं, आणि कानाला फक्त वाऱ्याची सळसळ. भीती वाटते, खरं आहे. मला पहिल्या वीस सेकंदांत वाटली, नंतर नाही. केबल तुटली तर, असं मनात येतंच. ताण जास्त झाला तर ग्लायडरला इजा व्हायच्या आत तुटावी अशी एक कडी केबलमध्ये मुद्दाम घातलेली असते. तुटल्यावर काय करायचं, हे प्रत्येक शिकाऊ माणसाकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. माझ्या इन्स्ट्रक्टरनी एकदा न सांगता मध्येच केबल सोडली होती. नाक खाली, वेग बघायचा, मग कुठे उतरायचं ते ठरवायचं. हात आपोआप चालले.

वर गेल्यावर काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा बघा. तो सरळ मागे वाहत असेल तर ग्लायडर नीट चाललंय. क्लबमध्ये नवख्यांना बहुतेक के-21 या दोन सीटांच्या ग्लायडरमध्ये बसवतात. ते एक मीटर खाली येताना सुमारे 34 मीटर पुढे जातं. म्हणून हवेने काहीच साथ दिली नाही तर हजार फुटांवरून पाच-सहा मिनिटांत खाली. पण पश्चिमेचा वारा असेल तर तो डन्स्टेबलच्या टेकडीवर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या हवेत टेकडीच्या कडेकडेने येरझाऱ्या घालत बराच वेळ राहता येतं. व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयाच्या उतारावर कोरलेला पांढरा सिंह तेव्हा खाली दिसतो.

आणि ऊन असेल तर थर्मल. तापलेल्या शेतावरून हवा वर उठते. व्हेरिओ (आपण वर जातोय की खाली ते सांगणारं यंत्र) टूं-टूं करायला लागतो, बसल्या जागी खालून कुणी उचलल्यासारखं वाटतं. 1989 पासून स्पेनहून आणून तांबड्या घारी चिल्टर्नच्या टेकड्यांत सोडल्या. आता त्या इकडे खूप आहेत. एका मे महिन्यात मला वर चढणारी हवा सापडत नव्हती. डावीकडे एक घार पंख न हलवता वर चढताना दिसली. तिच्याकडे वळले, तिच्या वर्तुळात शिरले, आणि आम्ही दोघी एकाच दिशेने फिरत वर जात राहिलो. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अकरा मिनिटं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर वेळांपैकी ती एक.

उतरल्यावर ग्लायडर ढकलत परत आणायचं असतं. कुठे हात लावायचा ते आधी विचारा, पंखाची मागची कड नाजूक असते. गवत ओलं असतं, बूट चांगले घाला. मैदानावर वारा बोचतो, उन्हाळ्यातही जाकीट न्या. वजन शंभर किलोच्या आसपास असेल तर आधीच कळवा.

सकाळचीच वेळ मागा आणि फोनवरच सांगा, "दिवसभर थांबणार आहे, काही काम असेल तर द्या." कुणी नाही म्हणणार नाही.