वाचकांचे प्रश्न : कमी बजेटचा गेमिंग पीसी, यादी आधी आणि खरेदी नंतर

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, गेमिंगसाठी पीसी हवा म्हणतो. मॉनिटर घरात आहे, बाकी सगळं पन्नास हजारांच्या आत बसवायचंय. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानातून ही यादी करून आणली : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एक स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि कॅबिनेटसोबतच येणारा ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). हे एकमेकांशी जुळेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाची जोडी उत्तम आहे. १०८०पी मॉनिटरवर खेळायचं असेल तर त्यांना हात लावू नका. बदल करायचे आहेत ते एसएमपीएस, रॅम आणि बोर्ड या तीन ओळींत. यादीत याच ओळी सर्वांत कमी वाचल्या जातात आणि पुढची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

आधी एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आल्यासारखा वाटणारा घेऊ नका. खोक्यावरच्या ४५० या आकड्यावर जाऊ नका, बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ने गुणा. तिथे १८ अँपिअर असेल तर गुणाकार २१६ वॅट येतो, आणि प्रोसेसर व ग्राफिक कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. आता तुमची गरज बघा. ५६०० पूर्ण ताणावर ७६ वॅटपर्यंत जातो, आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट लागतात, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे पन्नासेक धरा. बेरीज २६० च्या आसपास. शिवाय ग्राफिक कार्ड क्षणभर याहून मोठा झटका मारतं. म्हणजे २१६ वॅटचा एसएमपीएस विंडोज सुरू करून देईल, यूट्यूब दाखवेल आणि गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद पडेल. लोक मग ग्राफिक कार्डाला दोष देत बसतात. ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) असलेला, नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा पुरतो. ५५० चा घेतलात तर पुढे मोठं कार्ड घालता येईल.

त्यातही या कार्डाला ८ पिनांचा जोड लागतो. एसएमपीएसमधून ‘६+२’ अशी पीसीआय-ई (ग्राफिक कार्डाची) वायर मुळातच निघत असली पाहिजे. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडावरून) ८ पिन करणारा कन्व्हर्टर कोणी दिला तर घेऊ नका. त्या बारीक वायरीतून एवढा करंट सतत गेला की प्लास्टिक वितळतं. प्रोसेसरची ‘४+४’ वायर दिसायला तशीच असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. ती ग्राफिक कार्डात दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात नको.

रॅम १६ जीबीच घ्या, पण ८ अधिक ८ अशा एकाच पाकिटातल्या दोन स्टिक. एका स्टिकवर रॅमकडे जाणारा एकच मार्ग वापरला जातो. मग सरासरी फ्रेम बऱ्या दिसल्या तरी मध्येच गेम अडखळतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. नंतर बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. ते राहून गेलं तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम अनेकदा २१३३ किंवा २६६६ वर धावत राहते आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

बोर्डाचं म्हणाल, तर बी४५० हा चिपसेट २०१८ चा आणि ५६०० आला २०२२ मध्ये. सॉकेट दोन्हींचा एएम४, त्यामुळे प्रोसेसर बसतो. पण बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचं बायॉस हा प्रोसेसर ओळखतच नाही. पंखे फिरतात, पडदा काळा. कंपनीच्या संकेतस्थळावर बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते. तिथे ५६०० समोर किमान कोणतं बायॉस लिहिलंय ते टिपून घ्या आणि ‘हे टाकून, पडद्यावर दाखवून द्या’ असं दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी सांगा. बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलता येतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि फाइलचं नाव बोर्डाच्या पुस्तिकेत दिलंय तसंच. थोडे जास्त पैसे घालून बी५५० मिळत असेल तर तोच घ्या. ग्राफिक कार्डाला पीसीआय-ई ४ चा (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडमार्गाच्या चौथ्या पिढीचा) वेग मिळतो. पण एसएमपीएस आणि बी५५० यांपैकी एकालाच पैसे पुरत असतील, तर एसएमपीएसला द्या.

प्रश्न : सध्या ग्राफिक कार्डाला पैसे नाहीत. आय३-१२१००एफ प्रोसेसर घेऊन वर्षभराने कार्ड टाकलं तर चालेल?
– एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : नाही चालणार. नावातला ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वर्षभर पडद्यावर काहीच दिसणार नाही. बोर्डावर एचडीएमआयचं तोंड असतं, पण या प्रोसेसरसोबत ते निकामी. एफ नसलेला १२१०० घ्या किंवा रायझन ५ ५६००जी. थोडंफार खेळायचंही असेल तर ५६००जी सरस. त्याचं ग्राफिक्स रॅममधलाच वाटा वापरतं, म्हणून दोन स्टिकचा नियम इथे दुप्पट लागू. पुढच्यासाठी एक गोष्ट मात्र आताच ठरवा : ५६००जी पीसीआय-ई ३ वरच थांबतो, बोर्ड बी५५० असला तरीही. त्यामुळे आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं (डेटाच्या चारच मार्गांचं) कार्ड त्यावर घेऊ नका, ते ठळकपणे मंदावतं.

प्रश्न : एच६१० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम वेगवेगळीकडून घेतली. रॅम बसत नाही, जोर लावू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : जोर लावू नका, स्लॉट फुटेल. पिना दोन्हींना २८८ असल्या तरी डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते. एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, पण एक बोर्ड एकच प्रकार घेतो. तुमच्या बोर्डाच्या नावात बहुधा ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असेल. दोन्हींपैकी जे परत देता येईल ते बदलून घ्या.

प्रश्न : सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. काय काय तपासू?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डात आहे ना, बोर्डात नाही ना, ते आधी. मग प्रोसेसरशेजारची ४+४ वायर. २४ पिनांची मोठी लावून हिला विसरणारे पुष्कळ. रॅम काढून पुन्हा बसवा, ‘खट’ आवाज येईपर्यंत, आणि एकच स्टिक ठेवून पाहा. तरीही काळोखच असेल तर मेन स्विच बंद करून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून ठेवा. डीडीआर५ वर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळा राहणं साहजिक आहे, तेवढ्यात बंद करू नका. शेवटी बोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा. तिथे चालला तर कॅबिनेटमधला जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसवतात त्यांतला छोटा खांब) बहुधा बोर्डाला मागून टेकतोय.

प्रश्न : सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?
– एक वाचक

उत्तर : बहुधा नाही, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यातून झिरपणारा अगदी थोडा करंट अर्थमधून निघून जावा, अशी रचना आहे. अर्थ नसला की पत्र्यावर निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. झिणझिण्या त्याच. अशा स्थितीत चालू पीसीला टीव्हीची एचडीएमआय जोडली तर पोर्ट जळू शकतं.

वायरमनकडून मोजून घ्या. फेज-न्यूट्रल जेवढे व्होल्ट, जवळपास तेवढेच फेज-अर्थ आले पाहिजेत. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देतात. ते करू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील. अर्थची तार स्वतंत्र ओढून घ्यायची, आणि सोबत आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायचा. तोवर कॅबिनेट उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढत जा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही.