बोंबलाला ‘बॉम्बे डक’ हे नाव डाकगाडीवरून पडलं, हे खरं आहे का?

नाही, निदान रेल्वेच्या डाकगाडीवरून तरी नाही. सुक्या बोंबलांच्या वासाने डाकगाडी घमघमायची, म्हणून साहेब ‘बॉम्बे डाक’ म्हणू लागले आणि त्याचंच ‘डक’ झालं, ही गोष्ट ऐकायला झकास आहे. पण तारखा जुळत नाहीत. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि ‘बॉम्बे डक’ हा शब्द त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात सापडतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या कोशात तर मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाच ‘डक्स’ म्हणत अशी नोंद आहे. ते टोपणनाव याच माशावरून आलं असावं, असं कोशकारांना वाटतं. त्याच कोशात माशाचं दुसरं इंग्रजी नाव ‘बमेलो’ दिलंय, ते मात्र सरळ आपल्या ‘बोंबील’चं. एक लक्षात ठेवा: टपालाची डाक रेल्वेच्या आधीपासून होतीच, त्यामुळे बाद होते ती आगगाडी, ‘डाक’ हा शब्द तेवढ्याने बाद होत नाही. बदकाशी मात्र बोंबलाचं काही नातं नाही.