एड्सच्या रुग्णाचं सीरम निरोगी माणसाच्या पेशींची वाढ रोखतं का?

हो, अनेकदा रोखतं. पण प्रत्येक रुग्णाचं सीरम सारखं वागत नाही. एचआयव्ही १९८३ मध्ये सापडला, त्याच्या आसपासच्या वर्षांतलंच हे निरीक्षण.

रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. प्रयोगात निरोगी माणसाच्या लिम्फोसाइट पेशींना (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पीएचए नावाचं प्रथिन देतात (हे चक्क राजम्यातून काढतात!), की त्या भराभर विभागू लागतात. मग किरणोत्सारी थायमिडीन घालायचं. नवा डीएनए बनवताना पेशी ते उचलतात. जितकं उचललं, तितकी वाढ. सोबत रुग्णाचं सीरम असेल तर हा आकडा बऱ्याचदा घसरतो.

कारण एकच नाही. विषाणूचं जीपी१२० प्रथिन टी पेशीवरच्या (हीसुद्धा एक लिम्फोसाइटच) सीडी४ नावाच्या प्रथिनाला चिकटून तिच्या कामात अडथळा आणतं. शरीरातलंच टीजीएफ-बीटा हे प्रथिनही पेशींची वाढ दाबतं. पण प्रयोगाच्या भांड्यातलं शरीरात तसंच घडतं असं धरू नका, आणि रुग्णाच्या सीडी४ असलेल्या टी पेशी घटण्याचं सगळं खापर सीरमवर तर मुळीच फोडू नका. त्या पेशी प्रामुख्याने मरतात त्या विषाणूच्या संसर्गाने आणि प्रतिकारयंत्रणा सतत पेटलेली राहिल्याने.