ती ओट्याशी येते, तर येऊ दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. पहाटे उठून डबे, मोठीची तयारी, धाकट्याला पाळणाघरात सोडणं, मग डोंबिवली स्टेशनचा जिना आणि ती खचाखच भरलेली फास्ट लोकल. संध्याकाळी साडेसातला घरात पाऊल टाकलं की पोळ्या, धाकट्याचं खिमट, मोठीचं जेवण, ओटा आवरणं, उद्याची भाजी निवडणं. हे सगळं लिहून झाल्यावर तू म्हणतेस, "बाई, मी मुलांना वेळच देत नाही." तुझं पत्र या वाक्याभोवतीच फिरतंय, म्हणून मीही त्याबद्दलच लिहिते.

मुलांसाठी वेगळा वेळ काढायचा, हा विचार आधी सोडून दे. रोज अर्धा तास त्यांच्याशी खेळायचं, गोष्ट सांगायची, चित्रं काढायची, असं ठरवतेस. तो अर्धा तास काही मिळत नाही आणि रात्री रडत बसतेस. तुझ्या दिवसात तो अर्धा तास नाहीच, तर शोधून कुठून सापडणार? पण चार वर्षांच्या मुलीला तुझा रिकामा वेळ नको असतो. तुझे हात ज्या कामात आहेत, त्यात तिला यायचं असतं. बालवाडीत इतकी वर्षं काढली, त्यातून मला एवढं नक्की कळलंय की या वयाच्या मुलांना खोट्या भातुकलीपेक्षा खऱ्या कामाची ओढ जास्त असते. आपण मात्र त्यांना खेळण्यातली शेगडी आणून देतो आणि खऱ्या ओट्याजवळ आली की "जा, बाहेर जाऊन खेळ" म्हणून हाकलतो.

पोळ्या होईपर्यंत तिच्या हातात मोबाईल देतेस, असं लिहिलंयस. रागावत नाही. त्या वेळी दोघं किरकिरी झालेली असतात, तूही थकलेली असतेस. पण बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाच्या सोबतीनं. आणि मोबाईल काढून घेतल्यावर ती जे भोकाड पसरते, ते निस्तरायला पोळ्यांपेक्षा जास्त वेळ जातो, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा उद्या एक कर. गॅसपासून लांब, जमिनीवर एक ताट ठेव. त्यात थोडं पीठ, कणकेचा लिंबाएवढा गोळा आणि घरात असेल तर छोटं लाटणं दे. नसेल तर स्टीलचा पेलाही चालतो. मग मधे पडू नकोस. ती गोळा दाबेल, तो ताटाला चिकटेल, ती नखानं खरवडून काढेल, पुन्हा गोल करेल. कणीक काळी पडेल. एखादा तुकडा हळूच तोंडात टाकून तोंड वाकडं करेल. शेवटी नकाशासारखं काहीतरी तयार होईल आणि ते भाजून दे म्हणून तुझ्या मागे लागेल. भाजून दे. फुगत नाही, कडक होतं, पण वडिलांच्या ताटात ते वाढलं जाईपर्यंत ती जेवायला बसायची नाही.

ताटाबाहेर पीठ सांडेल. ते पुसायचं फडकंही तिच्याच हातात दे. माझ्या वर्गात एक मुलगा यायचा. आल्यापासून दाराशी उभा राहून नुसता रडायचा. खेळणी दाखवा, गाणं म्हणा, काही उपयोग नाही. एकदा पाण्याचा तांब्या लवंडला. मी त्याच्या हातात फडकं दिलं आणि दुसऱ्या मुलांकडे वळले. त्यानं सगळं पाणी पुसलं. मग फडकं बादलीत पिळलं आणि कोरडी फरशी पुन्हा पुसली. दोन्ही हातांनी पीळ देताना जीभ बाहेर आली होती. दुसऱ्या दिवशी आला तो थेट बादलीकडे. त्याला तिथं काहीतरी करायला मिळालं होतं, एवढंच त्याला हवं होतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावर बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हातात घेतली आणि त्यातूनच मोजणं, निवडणं, लावणं शिकवलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. मुलाचा दिवस जसा आहे, तिथं शिक्षण न्यायचं, ही त्यांची रीत. तुझ्या मुलीचा दिवस संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात असतो.

तिच्या वयाला झेपतील अशी कामं खूप आहेत. कोथिंबिरीची पानं खुडणं, लसणीच्या पाकळ्या सुट्या करणं, मटार सोलणं, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, ताटं पुसणं, पाण्याचे पेले भरणं. सुरी, गॅस, गरम तेल, कुकर यांच्या जवळ मात्र काहीच नको. आणि ती करते ते दुसऱ्यांदा करायला बसू नकोस, निदान तिच्यासमोर तरी नाही. घडी वाकडी आहे तर वाकडीच कपाटात जाऊ दे. काम चालू असताना तोंडानं बोलत राहा: आता मी हे चिरते, तू खुड, हे किसायचं, ते कुटायचं. महागड्या क्लासात जाऊन इतके शब्द कुणी शिकवणार नाही. त्या क्लासचं पत्रक तू पाठवलंस, पैसे भरू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

धाकटा आठ महिन्यांचा, तो रांगत येऊन सगळ्यात हात घालणार. मटार, शेंगदाणे, हरभरे असं काहीही त्याच्या हाताला लागता कामा नये, घशात अडकतं. त्याला दोन वाट्या, एक लाकडी चमचा आणि झाकण असलेला स्टीलचा डबा दे. आवाज होईल, तो सहन कर. वाटी डब्यात टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची, त्याच्यासाठी हीच अभ्यासाची वेळ. त्याच्या खिमटात अजून मीठ-साखर नको आणि वर्षाच्या आत मध तर बोटावर चाटवायलाही नको, आजी काहीही म्हणाल्या तरी. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं तरी अंगावरचं दूध चालू ठेव.

घरात शिरल्या शिरल्या मात्र कामाला लागू नकोस. पर्स ठेव, हातपाय धू आणि जमिनीवर बस. धाकट्याला घे, मोठी पाठीवर चढेल, चढू दे. कुकर दहा मिनिटं उशिरा लागला तर काही बिघडत नाही. ही दहा मिनिटं मिळाली की पुढचा तासभर मुलं तुझ्यासोबत राहतात. नाही मिळाली तर तो तासभर ती तुझ्या पायात येतात.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. चांगला मुलगा आहे, मला ठाऊक आहे. पण 2019 मध्ये देशभर झालेल्या वेळवापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटांचा वेळ जातो असं निघालं, आणि पुरुषांचा 97 मिनिटांचा. तो आकडाही फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा. जे लावतच नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत. तेव्हा तुमच्या घरात जे चाललंय त्यात तुझ्या हुशारीची कमतरता नाही, कामाची वाटणीच चुकलेली आहे.

त्याला सुटी सुटी कामं सांगत बसू नकोस. "जरा दूध आण", "जरा तिला बघ" असं सांगितलं की आठवण ठेवणं तुझ्याचकडे राहतं. एक काम मुळापासून शेवटापर्यंत त्याच्याकडे जाऊ दे. तो रात्री साडेनवाला येतो, तोवर मुलांना जागं ठेवता असं लिहिलंयस. ते बंद करा. मोठीला या वयात दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. सकाळ त्याची असू दे. तिला उठवणं, आंघोळ, वेणी, डबा, बालवाडीच्या दारापर्यंत पोचवणं, सगळं त्यानं करायचं. वेणी पहिले काही दिवस वाकडी होईल, तू हात लावू नकोस. डब्यात रोज पोहेच गेले तरी चालतील. बाप-लेकीला एकमेकांचा जो वेळ हवाय, तो त्यातच मिळेल, आणि तुला लोकलच्या आधी धाकट्याला निवांत पाजायला वेळ मिळेल.

पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायला तुला संकोच वाटतो, कारण सासूबाईंनी आयुष्यभर घरीच केल्या. आठवड्यातले तीन दिवस खुशाल विकत आण. मोठीच्या हातात कणकेचा गोळा द्यायला उरलेले दिवस पुरेत, आणि त्या तीन दिवशी लवकर जेवून खाली बागेत फेरी मारता येईल. पाळणाघराच्या काकूंचे पैसे मात्र कधी थकवू नकोस, आणि आज तो किती झोपला, काय खाल्लं हे रोज दोन मिनिटं थांबून विचार. अधूनमधून न सांगता वेळेआधी जाऊन बघ. चांगल्या काकूंना त्याचा राग येत नाही.

ऑफिसात काही हक्क आहेत, ते तुला कुणी सांगितलेले दिसत नाहीत. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज नेहमीच्या सुट्टीखेरीज आणखी दोन विराम बाळाला पाजण्यासाठी मिळायला हवेत, हे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातच होतं. 2017 च्या दुरुस्तीनं रजा 26 आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं काम करतात तिथं पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं, दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभाही दिली. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे, तिच्यातही या तरतुदी आहेत. तुमच्याकडे पन्नासच्या वर माणसं नक्की असतील. तोंडी विचारू नकोस, लेखी विचार, आणि एकटीनं नको. तुमच्या मजल्यावर आणखी दोघी बाळंतिणी कामावर परतल्यात म्हणालीस, तिघींनी मिळून सही करा. सोय होईपर्यंत ते दोन विराम दूध काढायला वापर. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवायचं, घरी नेताना बर्फाच्या पिशवीत, आणि चोवीस तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजायचं.

एक राहिलं. पुढच्या महिन्यात धाकट्याला नऊ महिने पूर्ण होतील. गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस तेव्हाच असतो, पुढे ढकलू नका. त्या दिवसाची रजा त्याच्या बाबानं टाकायची. कार्ड शोधणं, आरोग्य केंद्राचा लसीकरणाचा वार विचारणं, रांगेत बसणं आणि नंतर ताप आला तर वजनाप्रमाणे औषध किती द्यायचं हे तिथल्या नर्सबाईंना विचारून येणं, सगळं त्याचंच. तू त्या दिवशी नेहमीच्या गाडीनं कामावर जा. काय झालं ते मला कळव.

तुझ्या बालवाडीच्या बाई