पाच मीटर लांब उभे राहा, पुढचं पेंग्विन बघेल

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही अंटार्क्टिकाला जहाजाने जाऊन आल्याचं वाचलं. मी धानाचा शेतकरी. मुलगी-जावई मला तिकडे पाठवतो म्हणतात. पण ताडोबात तीन फेऱ्या मारल्या, वाघ काही दिसला नाही. तिथे एवढा पैसा घालून पेंग्विनही दिसले नाहीत तर? कोणत्या महिन्यात जावं? नातवाला पांढऱ्या अस्वलाचा फोटो हवा आहे.
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव

उत्तर : भाऊ, न दिसायची भीती सोडा. पेंग्विन दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. आठवडी बाजारातली सुकटीची ओळ आणि न झाडलेलं कोंबड्यांचं खुराडं एकत्र करा, तसा. ते खातात क्रिल, म्हणजे झिंग्यासारखा लहान जीव, म्हणून विष्ठा गुलाबी. लांबून बर्फावर कोणी गुलाल सांडल्यासारखं वाटतं.

ताडोबात जिप्सी वाघाला गराडा घालतात, तिथे उलटं. एका वेळी शंभराच्या वर माणसं किनाऱ्यावर उतरवत नाहीत. आपण पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. त्यांच्या येण्याजाण्याने बर्फात पायवाट पडलेली असते, तिच्यात पाय घालायचा नाही. ते आलं की आपण थांबायचं. माझ्या बुटापाशी एक जेंटू जातीचं पेंग्विन येऊन उभं राहिलं, वर बघितलं आणि गेलं. पाच मीटरचा नियम त्याला लागू नाही! बर्ड फ्लूच्या धास्तीने खाली बसायलाही मनाई आहे. माझे गुडघे बोलत होते, मी जरा उकिडवी झाले तर गाइडने लगेच उठवलं.

उतरायच्या आधी बूट औषधाच्या पाण्यात धुतात, खिसे, मोजे, पिशव्या सगळं तपासतात. माझ्या मोज्यात आपल्या बांधावरचं कुसळ निघालं! तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे खिसे तपासले, त्या दिवशी माझी पाळी. चिमट्याने काढलं त्यांनी. बाहेरचं गवत तिथल्या किंग जॉर्ज बेटावर रुजलेलंच आहे, म्हणून एवढी काळजी.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ आणि घरटी बांधायची घाई. जेंटूचं घरटं म्हणजे खड्यांचा ढीग. शेजारीण तोंड फिरवते तेवढ्यात एखादं खडा उचलून नेतं. गोवऱ्यांवरून होणारी आपल्याकडची भांडणं आठवली. डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे जास्त, पण किनाऱ्यावर चिखल. मी जानेवारीत गेले, तुम्हीही तेव्हाच जा. मात्र मन घट्ट करा. स्कुआ नावाचा पक्षी घारीसारखा येतो आणि पिल्लू उचलतो. माझ्या तोंडून आपसूक ‘हाऽऽड’ निघालं. सगळे वळून बघायला लागले. मध्ये पडायचं नाही, असंच आम्हाला बजावलेलं होतं.

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाज सुटलं की साधारण दोन दिवस ड्रेकची सामुद्रधुनी. मी पहिला दिवस बादली धरून काढला. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज हलायच्या आधीच घ्या, नंतर पोटात टिकत नाही.

नातवाला सांगा, पांढरं अस्वल तिथे नाही. ते उत्तर ध्रुवाकडचं. नॉर्वेच्या स्वालबार्डला जावं लागेल, आणि तिथे किनाऱ्यावर उतरताना गाइडच्या खांद्यावर बंदूक असते. त्याच्यासाठी वेडेल सील या समुद्री प्राण्याचा फोटो आणा. बर्फावर पडलेलं असतं, उन्हात लोळणाऱ्या म्हशीसारखं.