सुरवंट, अळी की केसाळ अळी?

रानवाटेवर दिसलेल्या, अंगभर तपकिरी केस असलेल्या किड्याची नोंद करताना ‘सुरवंट’ लिहावे की ‘अळी’, आणि ‘केसाळ सुरवंट’ म्हटल्यास द्विरुक्ती होते का, असा हा प्रश्न आहे.

‘अळी’ हा शब्द कीटकाच्या वाढीतील अवस्था सांगतो. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोषात जाईपर्यंतचा, खात राहण्याचा आणि कात टाकत वाढण्याचा सारा काळ त्यात येतो, मग तो जीव पतंगाचा असो, माशीचा असो किंवा भुंग्याचा. ‘सुरवंट’ हा शब्द त्याहून मर्यादित आहे. तो पतंग आणि फुलपाखरे यांच्या अळीपुरताच चालतो, आणि रूढ बोलण्यात तर अंगावर केस असलेल्या, स्पर्श होताच खाज सुटणाऱ्या अळीलाच लागतो. गुळगुळीत अळीलाही सुरवंट म्हणण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की ‘केसाळ सुरवंट’ हा प्रयोग चुकीचा ठरवता येणार नाही. तरीही नोंदीसाठी मला शेतीविषयक लेखनातील ‘केसाळ अळी’ हाच प्रयोग अधिक नेमका वाटतो; ‘बिहारी केसाळ अळी’, ‘लाल केसाळ अळी’ ही नावे तेथे पक्की झालेली आहेत. ग्रामीण बोलीत ‘कुसरूड’ हा नपुंसकलिंगी शब्दही ऐकू येतो, आणि ‘कुसळ’ या शब्दाशी असलेले त्याचे ध्वनिसाम्य कानाला लगेच जाणवते.

मात्र ‘सुरवंटाचे फुलपाखरू झाले’ या लाडक्या वाक्प्रयोगावर विसंबून ओळख पटवू नये, कारण दाट केसांच्या बहुतेक अळ्यांचे पुढे पतंगच होतात. फुलपाखरांच्या काही अळ्यांच्या अंगावर फाटे फुटलेले काटे असतात, पण काटे म्हणजे केस नव्हेत. याच कारणाने ‘घोणस अळी’ दंश करत असली तरी तिला सुरवंट म्हणणे मला पटत नाही. तिच्या अंगावर विषारी काटे असतात.

नोंदीत केवळ ‘केसाळ’ लिहून भागत नाही, केसांची मांडणी लिहावी लागते. ते सर्वांगावर सारखे पसरले आहेत, प्रत्येक वलयावरच्या गाठींमधून झुपक्यांनी निघाले आहेत, पाठीवर दात घासण्याच्या ब्रशसारखे आखूड आणि समपातळीत कापल्यासारखे उभे आहेत, की दोन्ही कडांनी खाली झुकले आहेत, यावरून पतंगाचे कुळ बरेचसे ठरते. रंगावर फार भर देऊ नये, कारण कात टाकल्यावर तो पालटू शकतो. पाय मोजणे अधिक उपयोगी असते: छातीखाली खऱ्या पायांच्या 3 जोड्या आणि पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त 5 जोड्या असतात. मांसल पायांच्या 6 किंवा अधिक जोड्या आढळल्या, तर ती अळी पतंगाची नसून मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या गणातील एखाद्या कीटकाची असते, आणि तेव्हा ‘सुरवंट’ हा शब्द वापरूच नये. कोणत्या झाडाची पाने ती खात होती, हेही अवश्य लिहावे, कारण अनेक जातींचा आहार मोजक्या वनस्पतींपुरताच असतो.

पाहणी करताना अळीला, आणि तिच्या रिकाम्या कोषालाही, उघड्या हाताने स्पर्श करू नये; कित्येक जाती कोष विणताना स्वतःचे केस त्यात गुंफतात आणि ते केस नंतरही त्वचेला खाज आणू शकतात.